आखाडा सुटल्यानंतरची वर्षे

वाचकहो, मल्लाची कारकीर्द किती वर्षांची असते, असे कुणी विचारले तर आपण सहज सांगतो, दहा-बारा वर्षांची. सोळाव्या-सतराव्या वर्षी अंगात पीळ भरू लागतो, तिशी ओलांडता ओलांडता गुडघा किंवा खांदा कुरकुरू लागतो आणि एखाद्या जत्रेतल्या दंगलीनंतर लंगोट खुंटीला अडकतो तो कायमचा. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आखाडा सुटला तरी ते शरीर सुटत नाही. ते त्या माणसाबरोबर आणखी चाळीस-पन्नास वर्षे चालते. आपल्या जुन्या सवयी, जुनी दुखणी आणि जुना अभिमान घेऊन चालते. या वर्षांचा हिशेब कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही. तो घरातल्या माणसांना ठेवावा लागतो, आणि बहुतेक घरांत तो पत्नीकडे, मुलीकडे किंवा सुनेकडे येतो.

असा एक हिशेब गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. जळगावहून भुसावळकडे निघाले की महामार्गावर नशिराबाद लागते. ते माझे सासर. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, आता ऐंशीच्या पुढे आहेत. तरुणपणी ते मल्ल होते. त्यांचे नाव राज्यभर गाजले असे नव्हे. पंचक्रोशीतल्या आणि जिल्ह्यातल्या जत्रांमध्ये ते ओळखले जात. नारळाच्या कुस्तीपासून त्यांनी सुरुवात केली आणि चांदीच्या कड्याच्या कुस्तीपर्यंत ते पोहोचले. एकतिसाव्या वर्षी एका दंगलीत उजवा गुडघा फिरला. त्यानंतर ते कापूस आणि केळीच्या शेतीत रमले. आमच्याकडे त्या दिवसांचे एकच छायाचित्र आहे. त्यात आबा फेटा बांधून उभे आहेत आणि त्यांची मान खांद्यांइतकीच रुंद दिसते आहे. आज सकाळी ज्यांच्या पायात मी मोजे घालते ते आबा आणि छायाचित्रातले आबा हे एकच आहेत, याची आठवण ठेवणे हा शुश्रूषेचा पहिला नियम आहे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका अगदी परक्या खेळाने. माझ्या बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत पिट्सबर्गला राहतो. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि तिकडच्या हंगामात त्याच्या बोलण्यात अमेरिकन फुटबॉल असतोच. नावात फुटबॉल असला तरी या खेळात चेंडू पायाने क्वचितच मारतात. लांबट चेंडू हातात घेऊन पुढे मुसंडी मारायची आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन त्याला पाडायचे, असा तो प्रकार. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या आणि समोरासमोर धडक. आबांनी एकदा भाच्याच्या आग्रहावरून मोबाइलवर हा खेळ दहा मिनिटे पाहिला आणि निकाल दिला, “ताकद आहे पोरांत, पण डाव दिसत नाही.” भाचा हसला. मग म्हणाला, “आबा, डाव आहेत, पण ही पोरे फार वर्षे टिकत नाहीत.” तिथल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा हिशेब असा की, त्या सर्वोच्च लीगमध्ये एका खेळाडूची कारकीर्द सरासरीने जेमतेम सव्वातीन वर्षांची असते. शाळेपासून घाम गाळायचा, लाखांतून निवडले जायचे आणि पंचविशी-सव्विशीत घरी परतायचे.

त्याच संभाषणात मी माइक वेबस्टर हे नाव प्रथम ऐकले. पिट्सबर्गच्या संघाचा हा खेळाडू १९७४ ते १९९० अशी सतरा वर्षे व्यावसायिक फुटबॉल खेळला. त्यातली शेवटची दोन दुसऱ्या संघाकडून. पिट्सबर्गने चार वेळा अजिंक्यपद मिळवले तेव्हा तो संघात होता. त्याची जागा रांगेच्या अगदी मध्यावर असे. प्रत्येक डावाच्या प्रारंभी चेंडू मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड गड्याला डोक्याने-छातीने अडवायचे, हे त्याचे काम. खेळ सोडल्यावर त्याची स्मृती ढासळली, वागण्याचा ताल सुटला, संसार मोडला, पैसा संपला. काही काळ तो स्वतःच्या मोटारीत झोपत असे. २००२ साली वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याचे निधन झाले. बेनेट ओमालू या मूळच्या नायजेरियन डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या मेंदूत एका प्रथिनाच्या घातक गाठी आढळल्या. वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदूचा हळूहळू होणारा हा ऱ्हास आता ‘सीटीई’ या नावाने ओळखला जातो. ओमालू यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लीगने तो स्वीकारला नाही. पुढे मात्र माजी खेळाडूंना मोठी भरपाई देणे तिला भाग पडले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या लीगमधील १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले गेले. त्यांपैकी ११० मेंदूंत हा ऱ्हास दिसला. हे मेंदू बहुतांशी त्रास जाणवलेल्या कुटुंबांनी दान केले होते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूचे असेच होते असा अर्थ त्यातून काढता येत नाही. तरीही आकडा विचार करायला लावणारा आहे.

आता आपल्या मातीकडे वळू. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे नाव आबांच्या पिढीने दैवतासारखे जपले. जन्म १५ जानेवारी १९२६. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये दिले. त्या स्पर्धेत ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या वेळी त्यांचे वय होते सव्वीस. पुढच्या ऑलिंपिकच्या आधी गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ते स्वप्न तिथेच थांबले.

खाशाबांची ही कथा बहुतेकांना एवढीच ठाऊक असते. मला मात्र तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. सत्तावीस वर्षे त्यांनी नोकरी केली, दलात क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. मानसन्मान फार उशिरा आले. अर्जुन पुरस्कार तर मरणोत्तर मिळाला. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्यांची उपेक्षा झाली हे खरेच आहे आणि ते बोलले पाहिजे. पण आखाडा सुटल्यावर त्यांच्या दिवसाला एक आकार होता, हेही तितकेच खरे. सकाळी उठून जायला ठिकाण होते, अंगावर गणवेश होता, शिकवायला तरुण पोरे होती. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे विजय चौधरी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले, मग पोलीस दलात अधिकारी म्हणून रुजू झाले आणि २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे पोलीस व अग्निशमन दलांच्या जागतिक स्पर्धेत १२५ किलो गटात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. एक कारकीर्द दुसऱ्या कारकिर्दीच्या हाती सोपवली गेली.

वेबस्टर आणि खाशाबा यांची तुलना मी करत नाही. दोघांचे खेळ वेगळे, दुखणी वेगळी, देश वेगळे. पण दोघांच्या आयुष्याकडे पाहिल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली. खेळाडूला खेळ संपल्यावर औषधाइतकीच गरज असते ती नव्या भूमिकेची. शरीर थकते तेव्हा माणूस काहीतरी गमावतो. पण ‘आता तू कोण?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही तेव्हा तो सारेच गमावतो. गावोगावच्या शेकडो मल्लांना, कबड्डीपटूंना ना पोलीस दल मिळाले ना निवृत्तिवेतन. त्यांना ही भूमिका द्यायची तर ती घरानेच द्यावी लागते. ती कशी देता येते, ते आमच्या घरातल्या चार गोष्टींवरून सांगते.

पहिली गोष्ट खुराकाची. ऐन उमेदीत आबा पहाटे हजार जोर-बैठका काढत, संध्याकाळी हौद्यात दोन-दोन तास लढत. त्या कष्टाला दोन लिटर दूध, मूठभर बदाम आणि वाटीभर तूप शोभत होते. आखाडा सुटला; खुराक मात्र तसाच राहिला, कारण भूक ही सवयीची दासी असते. पन्नाशीपर्यंत वजन वीस किलोंनी वाढले आणि चौपन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. मल्लांच्या घरांत ही वाटचाल ओळखीची आहे. उपाय म्हणून दूध-तूप एका दिवसात बंद करणे मात्र योग्य नव्हे. त्याने माणूस दुखावतो आणि अंगही गळते. वृद्धपणी स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून प्रथिने कमी करून चालत नाही. मूत्रपिंडे निरोगी असतील तर वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने वृद्धांनाही हवीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. आम्ही तूप चमच्यावर आणले, साखर थांबवली आणि दूध दोन पेल्यांवर ठेवले. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, ताक आणि मोड आलेली मटकी यांचे प्रमाण वाढवले. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतोच. आपल्या खान्देशाने प्रथिनांची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. ताटाला मात्र घरात आजही ‘खुराक’च म्हणतात. ‘पथ्य’ हा शब्द आबांना आवडत नाही आणि तो वापरण्याची गरजही पडलेली नाही.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. जुन्या मल्लाचा गुडघा म्हणजे झिजलेला उंबरठा. त्यातून वजन जास्त. एक किलो वजन उतरले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे संशोधनात आढळले आहे. म्हणजे पाच किलो उतरले की वीस किलोंचे ओझे उतरते. हा हिशेब आबांना पटला, कारण मल्लाला वजनाची भाषा कळते. बैठका आता वर्ज्य. त्यांच्या जागी खुर्चीवरचा व्यायाम आला. ताठ खुर्चीवर बसायचे, एक पाय समोर सरळ करायचा, मनात पाच आकडे मोजायचे, पाय खाली आणायचा. असे प्रत्येक पायाचे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचे काम तो वाटून घेतो. आपल्या घरी सुरू करण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्यावे. शौचालयात उंच आसन आणि भिंतीला पकडदांडा, हे दोन खर्च टाळू नयेत.

गुडघ्याशी जोडलेली आणखी एक सूचना. मल्ल वेदना गिळायला शिकलेले असतात. न गिळता आली तर ते गोळी गिळतात. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वृद्धांच्या मूत्रपिंडांना आणि जठराला फार महाग पडतात. आपल्या भागातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या घेणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोटार चालवणे होय. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील तर धोका आणखी वाढतो. उशीखाली, पेटीत, कोटाच्या खिशात कोणत्या गोळ्या आहेत हे घरातल्यांना ठाऊक असावे आणि डॉक्टरांनाही सांगावे.

तिसरी गोष्ट डोक्याची, आणि तीच मला सर्वांत आग्रहाने सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याला आबा बैल सजवायला गोठ्यात गेले. पाय घसरला आणि कपाळ गव्हाणीच्या काठावर आपटले. टेंगूळ आले, हळद लावली, संध्याकाळी त्यांनी पुरणपोळीही खाल्ली. गणपती आले, गणपती गेले. पितृपक्षात मला जाणवले की आबा दुपारी दोन वाजता झोपतात ते दिवेलागणीला उठतात. पेला डाव्या हातातून निसटू लागला. चालताना डावी चप्पल जमिनीवर घासल्याचा आवाज येऊ लागला. सकाळी डोके जड वाटते म्हणाले. भेटायला येणारे म्हणत, “आता वय झाले, असेच व्हायचे.” पण वय असे तीन आठवड्यांत होत नसते. वेबस्टरची गोष्ट ऐकल्यापासून डोक्याला लागलेला मार माझ्या मनात नोंदला जात असे. आबांना हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू आहे, हेही मला ठाऊक होते. आम्ही त्याच दिवशी त्यांना जळगावला नेले. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साकळलेले दिसले. दुसऱ्या दिवशी कवटीला लहान छिद्र पाडून ते काढण्यात आले. आठवड्याने आबा घरी आले आणि दिवाळीत डाव्या हातानेही पणत्या लावत होते.

हे दुखणे वेबस्टरच्या दुखण्याहून निराळे आहे, हे स्पष्ट करायला हवे. सीटीई वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी होतो, मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावरच त्याचे निश्चित निदान होते आणि त्यावर आज उपाय नाही. कुस्तीत अमेरिकन फुटबॉलसारख्या सततच्या टकरा नसतात. तेव्हा प्रत्येक जुन्या मल्लाला तो आजार असणार अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. आबांना झाले ते कवटीखाली हळूहळू साठणारे रक्त. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे कवटी आणि मेंदू यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फाटतात. रक्त थेंबाथेंबाने साठते. लक्षणे दिसायला दोन-तीन आठवडे, कधी अधिकही लागतात. तोवर घरचे लोक पडणे विसरून गेलेले असतात. म्हणून वृद्ध माणूस पडला की ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. पुढचे दोन-तीन महिने अवेळी झोप, वाढती डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे, एका हातापायात अशक्तपणा किंवा चालण्यातला फरक यांकडे लक्ष ठेवा. यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर डोक्याला मार लागताच डॉक्टरांना दाखवावे, लक्षणांची वाट पाहू नये. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. उलट्या होऊ लागल्या, शुद्ध हरपू लागली किंवा झटका आला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विसराळूपणाबद्दलही थोडे. वृद्ध माणूस विसरू लागला की आपण लगेच एक शब्द उच्चारून मोकळे होतो. पण विस्मरणामागे ब जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे बिघाड, रक्तातील साखर किंवा सोडियम कमी होणे, औषधांचे परिणाम, उदासी अशी सुधारता येणारी कारणेही असतात. ती तपासून घ्यावीत. मल्लांच्या बाबतीत आणखी एक कारण मोलाचे आहे, ते म्हणजे कान. रगडून रगडून मल्लांचे कान मुडपतात, कडक होतात. त्याची त्यांना मिरवणूक असते, पण ऐकू कमी येऊ लागले की माणूस संभाषणातून बाहेर पडतो आणि लोकांना वाटते तो विसरतो आहे. आबांच्या कानाचा साचा घेऊन त्या मापाचे श्रवणयंत्र करून घ्यावे लागले. यंत्र आल्यावर त्यांचे ‘विसरणे’ निम्म्याने कमी झाले.

चौथी गोष्ट मानाची. डॉक्टरांनी काठी सांगितली. आबांनी सहा महिने ती हातात धरली नाही. “ज्याने चार तालुक्यांची पाठ मातीला लावली, तो काठी टेकत फिरेल?” असा त्यांचा प्रश्न. वाद घालून उपयोग नव्हता, कारण त्यांचा प्रश्न काठीचा नव्हताच. मग माझ्या पतीने गावातल्या सुताराकडून बाभळीची जाड काठी करून घेतली, आबांच्या उंचीला बेतून, खाली रबराची टोपी बसवून. आबांच्या वस्तादांच्या हातात तशीच काठी असे. पोरगा चुकला की ती हौद्याच्या कठड्यावर आपटत. काठी दाराशी ठेवली आणि शेजारच्या दोन मुलांना सांगितले की आबांकडून जोर कसे काढायचे ते शिकून या. तिसऱ्या दिवशी आबा काठी घेऊन ओट्यावर बसले. आता संध्याकाळी पाच-सहा मुले येतात. आबा बसूनच त्यांचे जोर मोजतात, कंबर झुकली की काठी आपटतात, धोबीपछाड आणि ढाक यांतला फरक हाताने दाखवतात. मोजण्यात चूक झाली तर मुले हसत नाहीत. “वस्ताद, पंचवीस झाले,” असे सांगतात. काठी टेकत ते ओट्यापर्यंत जातात आणि परत येतात. आधाराची वस्तू अधिकाराची झाली, तेव्हा ती त्यांनी आपणहून उचलली.

वाचकहो, शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही दोन शब्द लिहिणे माझे कर्तव्य आहे. नव्वद किलोंच्या माणसाला उचलण्याचा प्रयत्न करू नका. आपलीच कंबर जायची. त्याला खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकू द्या, पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घेऊ द्या, पुढे झुकू द्या आणि मग त्याच्याच ताकदीने उठू द्या. आपण फक्त बाजूला उभे राहून आधार द्यायचा. त्याचा रागही असाच पेलावा लागतो. आयुष्यभर शरीराच्या जोरावर मान मिळवलेल्या माणसाला अंघोळीसाठी दुसऱ्याचा हात लागतो, तेव्हा त्याचा आवाज चढतो. तो आवाज आपल्यावर नसतो. पण अचानक स्वभाव बदलला, संशय वाढला, रात्रीची झोप उडाली, तर तो केवळ राग समजू नये, डॉक्टरांना सांगावे. आणि आठवड्यातून निदान एक दुपार घरातल्या दुसऱ्या माणसाने हे काम घ्यावे. आमच्याकडे गुरुवारची दुपार माझी असते. ज्यांच्या घरात दुसरे माणूस नाही, त्यांना ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर माहिती आणि मार्गदर्शन मिळू शकते.

आपल्या घरात, आळीत एखादा जुना खेळाडू असेलच. कुणी कबड्डीचा, कुणी कुस्तीचा, कुणी मल्लखांबाचा. त्याच्याकडे जा आणि तीन प्रश्न विचारा. अलीकडे कधी पडलात का? दुखण्यासाठी कोणती गोळी घेता? आणि तुमचा आवडता डाव कोणता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. तिसऱ्याचे उत्तर ऐकायला मात्र घरातल्या मुलांना सोबत न्या आणि सवड काढून बसा, कारण ते उत्तर लांबते.